दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचं तिकीट

स्वस्तात आणि वेळेआधी रेल्वेचं तिकीट काढणं हे माझ्या आईच्या लेखी माणसाला चांगलं वळण असल्याचं लक्षण आहे. जो आयत्या वेळी धावाधाव करून तत्काळचं तिकीट काढतो, त्याच्या घरात दूधही उतू जात असणार आणि नळही टपकत असणार, असं तिचं पक्कं मत. त्यामुळे आमच्याकडे ऑक्टोबरातल्या प्रवासाची बोलणी जूनच्या उकाड्यात व्हायची. आरक्षण तेव्हा चार महिने आधी उघडायचं, सकाळी आठला. आठ वाजता त्या तिकिटांच्या साइटपुढे बसायची मी, कारण मला इंटरनेट येतं असा घरात समज होता. तो कोणी पसरवला ते मला माहीत नाही, पण माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच सकाळी त्याने खाल्ल्या.

आम्ही जबलपूरजवळच्या खमरियाचे. वडील विदर्भातून इथल्या आयुध निर्माणीत कामाला आले, तोवर नागपूर आणि जबलपूर यांच्यामध्ये राज्याची नवी रेघ पडून गेली होती. ते गेल्यावर मी त्याच निर्माणीच्या ऑफिसात लागले. क्वार्टर बदललं, पत्ता खमरियाच राहिला. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भांडताना दोन्ही, असा आमचा कारभार.

आई दरवर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायची. आमच्याकडचे बरेच जण जातात. काही जण ऑक्टोबरातली ठरलेली तारीख धरतात, पण दीक्षाभूमीवर माणसांचा समुद्र लोटतो तो दसऱ्याला. आईची तिथे दोन कामं असायची. एक वंदना आणि दुसरं मावशीची भेट. वंदना कुठल्याही दिवशी झाली असती. मावशी मात्र त्या एकाच दिवशी भेटायची.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. ती वर्ध्याकडच्या एका खेड्यात मुलांजवळ राहायची. मुलांजवळ म्हणजे मुलांच्या घरामागे, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत. आई एकदा तिकडे गेली, तिने ते डोळ्यांनी पाहिलं आणि मग एका लग्नाच्या पंगतीत चार लोकांसमोर भाच्यांना विचारलं, "माय गोठ्यात अन् तुम्ही पलंगावर, काहून रे?" भाच्यांना ते झोंबलं. त्या दिवसापासून त्यांनी आईला दार बंद केलं. मावशीजवळ स्वतःचा फोन नव्हता. मुलाच्या फोनवर आईचा आवाज ऐकू आला की तो लगेच कटायचा. पण दसऱ्याला गावातून एक गाडी निघायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांना दीक्षाभूमीवर आणायची आणि संध्याकाळी परत न्यायची. सगळं गाव जायचं, तिथे मावशीला एकटीला घरी ठेवणं मुलांना शोभलं नसतं. म्हणून तेवढी एक दुपार दोघी बहिणींच्या वाट्याला यायची. मागच्या फाटकाजवळ पुस्तकांचं एक दुकान लागतं, त्याच्या बाजूला बसून त्या शिदोरी सोडायच्या, बोलायच्या, थोडं रडायच्या आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत एकमेकींना सोडून द्यायच्या.

मग बसने काहून नाही जात, असं विचारणारे शहाणे मला आजही भेटतात. जबलपूरहून नागपूरला बसेस ढिगाने आहेत, मला माहीत आहे. पण आईच्या कंबरेचे मणके सरकलेले, डॉक्टरांनी बस बंद केलेली आणि शिवनीच्या पुढे त्या काळी रस्ता म्हणून जे काही होतं त्याच्यावरून धडधाकट माणूसही वाकडा होऊन उतरायचा. म्हणून रेल्वे, तीही खालचा बर्थ, तीही स्लीपर. वातानुकूलित डब्याचं नाव काढलं की आई म्हणायची, "थंडीच पायजे तर जानेवारीत जाऊ." म्हाताऱ्या बायकांना तेव्हा भाड्यात सवलत होती. ती सवलत हा आईला आपला खाजगी मान वाटायचा, ती सोडून दुसरं काही काढलं तर तो घरचा अपमान होता.

तर त्या वर्षीचा जून. आई सकाळी भाजी निवडत म्हणाली, "तिकिटाचं पाहायला लागते आता." मी विचारलं, "दसरा कधी आहे पण?"

इथे आमच्या घराची एक अडचण सांगायला हवी. आईने आयुष्यात पंचांग घरात येऊ दिलं नाही. आमच्या भिंतीवर विहाराचं कॅलेंडर असायचं, त्यात धम्मचक्र प्रवर्तन दिन ठळक छापलेला असायचा आणि तेवढ्यावर आमचं भागायचं. पण त्या वर्षीचं कॅलेंडर माझा भाऊ जानेवारीत पुण्याला घेऊन गेला होता. "इकडे अशी मिळत नाहीत," म्हणे. पुण्यात विहारं नाहीत का? पण लाडका लेक मागतो म्हटल्यावर आईने खिळ्यावरून काढून, गुंडाळून, वर रबर लावून दिलं. सहा महिने आमच्या भिंतीवर नुसता खिळा होता.

मी म्हटलं, फोनवर पाहते. आई म्हणाली, "फोनचं काय खरं आहे? थांब, मी विचारून येते." आणि मी दात घासून होईपर्यंत ती समोरच्या भाभीजींकडे जाऊन आलीसुद्धा. भाभीजी म्हणजे समोरच्या क्वार्टरमधल्या, त्यांचे यजमान मोहल्ल्याच्या रामलीला समितीत. त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतभर पंचांग. दसऱ्याची माहिती काढायला सगळ्या खमरियात त्यांच्याहून भरवशाचं घर नव्हतं. आईने तारीख सांगितली. मी त्या तारखेला सकाळी नागपूरला पोचेल अशी आदल्या रात्रीची गाडी नक्की केली.

आरक्षण उघडायच्या दिवशी मी आठच्या आधीच बसले. आई शेजारी खुर्ची ओढून बसली. तिला संगणकातलं काही कळत नाही, पण सूचना करायची तिची हौस दांडगी. "हळू दाब." "घाई नको करू." "ते गोल गोल काहून फिरून राहिलं?" ते गोल गोल म्हणजे साइटचा नेहमीचा धंदा. मग चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखा. ती मी ओळखली, साइटला पटली नाहीत. पुन्हा ओळखली. मग आईचं वय, मग सवलत, मग खालचा बर्थ, मग माझं नाव, मग बँक, मग बँकेचा ओटीपी. आमच्या वस्तीत तेव्हा फोनला रेंज येण्यासाठी अंगणातल्या पेरूच्या झाडाखाली जायला लागायचं. मी फोन घेऊन झाडाखाली धावले, आकडा पाठ करत परत आत धावले. आणि झालं! जायचं झालं, दुसऱ्या दिवशी त्याच पद्धतीने, त्याच धावाधावीत नागपूरहून त्याच रात्री परत निघायचंही झालं. दोघींचं, पक्कं, आईला खालचा बर्थ.

आई इतकी खूश झाली की तिने शेजारीपाजारी सांगितलं, "माझ्या पोरीनं चार महिन्याआधी काढलं. अर्ध्या भाड्यात!" मीही फुशारले, खोटं का बोलू. जूनमध्ये ऑक्टोबर खिशात घालून फिरायला बरं वाटतं.

ऑक्टोबर आला. मी ऑफिसात रजेचा अर्ज दिला; सुट्टी असली तरी गाव सोडायचं तर आमच्याकडे अर्ज लागतो. आमचे बडे बाबू चष्मा वर करून म्हणाले, "मैडम, दशहरे की तो छुट्टी है ही. आप दशहरे के दूसरे दिन की छुट्टी काहे ले रही हैं?"

मी म्हटलं, "दुसऱ्या दिवसाची नाही, दसऱ्याचीच." मग मी भिंतीवरची सुट्ट्यांची यादी पाहिली. मग पुन्हा पाहिली. आमचं तिकीट खरोखर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला पोचणार होतं.

घरी आले ती तडक समोरच्या क्वार्टरमध्ये. भाभीजी पापड वाळवत होत्या. मी विचारलं तर त्यांना माझ्या चेहऱ्याकडे बघून हसूच आलं. "अरे दीदी, हमने तो अपने यहाँ का दशहरा बताया था. माताजी ने नागपुर का कब पूछा?"

आता हे जबलपूरबाहेरच्या माणसाला समजावणं कठीण. आमच्या शहरात दसरा एका दिवसात संपत नाही. मोहल्ल्यामोहल्ल्याचा दसरा निराळा. कुठे आदल्या दिवशीच रावण जळतो, कुठे नेमक्या दिवशी मिरवणूक निघते, कुठे दुसऱ्या दिवशी. लोक एकाचा बघून दुसऱ्याच्याला जातात. भाभीजींच्या यजमानांची मिरवणूक दुसऱ्या दिवशी असायची, म्हणून त्यांच्या घरात दसरा म्हणजे तो दिवस. त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. आईने "दशहरा कब है?" विचारलं आणि त्यांनी आपला दसरा सांगितला. ज्या घरात पंचांग शिरू देत नाहीत आणि जिथे दर मोहल्ल्याचा दसरा वेगळा, तिथेच ही चूक होऊ शकते. नागपूरच्या पोराने ती केली नसती, आणि भाभीजींच्या घरात तर ती झालीच नसती.

रात्री पुण्याला फोन लावला. भाऊ म्हणाला, "थांब, बघतो." फोनमध्ये पानं उलटल्याचा आवाज आला. "इथे तर बरोबर छापलंय, ताई. तू बघितलं नाहीस का?"

त्या क्षणी तो समोर असता तर मी ते कॅलेंडर त्याच्या डोक्यात घातलं असतं.

दोष कोणाचा, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. आई म्हणते भाभीजींनी नीट सांगायला हवं होतं. भाभीजी म्हणतात माताजींनी नीट विचारायला हवं होतं. भाऊ म्हणतो मी फोनवर पाहायला हवं होतं. मी म्हणते खिळ्यावरचं कॅलेंडर पुण्याला काहून गेलं. पण तेव्हा दोष वाटत बसायला वेळ नव्हता. दसऱ्याला आठवडाच उरला होता. मावशी दसऱ्याला येऊन फाटकाजवळ बसणार, संध्याकाळी गाडीत बसून निघून जाणार आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे जाऊन काय, झाडलोट बघणार? आईने भाच्याच्या फोनवर प्रयत्न केला. सुनेने उचलला, "आवाज येऊन नाही राहिला," म्हणाली आणि ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता. पुन्हा लावला तर उचललाच नाही. गावात दुसऱ्या कोणाचा नंबर आमच्याजवळ नव्हता.

मग सुरू झाली माझी शोधाशोध. आदल्या रात्रीच्या गाडीला वेटिंग इतकं होतं की तेवढ्या माणसांसाठी दुसरी गाडी सोडली असती तरी ती भरली असती. मी इटारसीला बदलून जायचं पाहिलं. कटनीहून तिकीट काढून जबलपूरला चढायचं पाहिलं, कारण ऑफिसातला एक जण म्हणाला मागच्या स्टेशनचा कोटा निराळा असतो. तो निराळाच होता, तिथे वेटिंग आणखी मोठं होतं. रोज सकाळी उठले की आधी साइट, मग चहा. कोणी रद्द करतं का, कोणी आजारी पडतं का, एवढीच वाट. परक्या माणसांचे प्रवास मोडावेत असं मी मनापासून चिंतत होते आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती.

सदर बाजारातल्या एका तिकीटवाल्याकडे गेले. टेबलाखाली पंखा, टेबलावर दोन फोन. "दीदी, टेंशन मत लो, हो जाएगा." किती जादा लागेल विचारलं तर त्याने जो आकडा सांगितला तो आईला सांगायची माझी हिंमत झाली नाही. तरी मी हो म्हटलं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, "दीदी, इस बार बहुत मारामारी है." मारामारी आहे म्हणून तर तुझ्याकडे आले ना बाबा!

जनरलच्या डब्याचंही मनात आलं, पण दसऱ्याच्या गर्दीत आईला त्या कंबरेने जनरलमध्ये घालणं म्हणजे तिला थेट दवाखान्यात पोचवणं. शेवटी उरलं तत्काळ. आईच्या तत्त्वाविरुद्ध. पण तीच म्हणाली, "काढ. माझं तत्त्व गेलं खड्ड्यात."

तत्काळ स्लीपरचं अकराला उघडायचं. ऑफिसात उशिरा येईन असं सांगून ठेवलं, लॅपटॉप थेट पेरूच्या झाडाखालीच स्टुलावर मांडला. आई या वेळी खुर्ची न ओढता लांब दारात उभी राहिली. अकरा वाजले. साइट उघडली. वेडीवाकडी अक्षरं पहिल्याच झटक्यात बरोबर! नावं, वय, बर्थ. जागा दिसत होत्या. बँकेचं पान उघडलं. मी ओटीपीची वाट पाहू लागले. फोनकडे पाहत होते, लॅपटॉपकडे पाहत होते, फोन वर धरून झाडाभोवती फिरत होते. ओटीपी आला. मी तो टाकला. पान म्हणालं, तुमची वेळ संपली, कृपया पुन्हा सुरुवात करा. पुन्हा सुरुवात केली तोवर जागा संपल्या होत्या. पैसे मात्र कटले. ते परत मिळतील असा निरोप लगेच आला, त्याला रेंजची काही अडचण आली नाही.

मी स्टूल लाथाडलं. हो, लाथाडलं. समोरून भाभीजींनी डोकावून पाहिलं आणि दार हळूच लावून घेतलं.

संध्याकाळी मी आईला म्हटलं, "रद्द करून टाकू. निदान थोडे पैसे परत येतील. मग हिवाळ्यात सावकाश जाऊ, वंदना करून येऊ."

आई म्हणाली, "नाही. जाऊ."

"कशाला? मावशी तर गेलेली असणार."

"दीक्षाभूमी काय दसऱ्यालाच असते काय?" मग भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "अन् ती थांबली असली तर?"

मला इतका राग आला! आठवडाभर मी माझी नोकरी, झोप, पैसे त्या साइटच्या तोंडात घातले, आणि ही अजून आशा करून राहिली. मी तोंडाला येईल ते बोलले. मावशी कुठे थांबणार, मुलं तिला थांबू देतील का, गाव सोडून एकटी कधी राहिली आहे का ती. आईने भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "झालं तुझं? ताट घे."

दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी आम्ही स्टेशनवर गेलो. शहरात सगळीकडे ढोल वाजत होते, ऑटोला तीन रस्ते फिरून यावं लागलं. गाडी आली. आमचा डबा मोकळा होता. मोकळा म्हणजे माणूस हाक मारील तर ऐकायला कोणी नाही इतका. नागपूरला ज्यांना जायचं होतं ते सगळे आदल्या रात्री गेले होते. जूनमध्ये आठच्या ठोक्याला धावत जाऊन मी जे तिकीट काढलं होतं, ते गाडीत बसता बसताही मिळालं असतं, आणि वर पाय पसरायला आख्खी बाकं! आई खालच्या बर्थवर आरामात आडवी झाली. "पाहा, किती चांगली जागा भेटली," म्हणाली. मी खिडकीकडे तोंड करून बसले.

सकाळी नागपूरला उतरलो. दीक्षाभूमीच्या रस्त्यावर पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका आणि निळे झेंडे घेतलेले लोक स्टेशनकडे, बसस्टँडकडे परत चालले होते. आमचीच ऑटो उलटी जात होती. आत मैदानावर झाडूवाले लागले होते. पत्रावळी, पाण्याचे पाऊच, फाटक्या सतरंज्या. पुस्तकवाले खोकी बांधत होते. लोकांनी वर्षभराचं वाचन घेऊन झालं होतं, आता उरलेली पुस्तकं दोरीने आवळली जात होती. आई माझा हात धरून चालत होती, पण मीच मागे पडत होते. तिची कंबर त्या दिवशी कुठे गेली होती कोण जाणे.

फाटकाजवळच्या दुकानाची ताडपत्री उतरवलेली होती. त्या खाली पडलेल्या ताडपत्रीच्या घडीवर, गुडघे पोटाशी घेऊन, मावशी बसली होती.

तिने आम्हाला लांबूनच पाहिलं. उठली नाही. "आली काय वं? मले वाटलं तुमची गाडी लेट झाली."

आई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि रडायच्या ऐवजी भांडायलाच लागली. "काहून थांबली तू? रातभर? एकटी? अक्कल आहे का नाही तुले?"

"तू येईन म्हणली होती ना."

"अन् गावची गाडी?"

"गेली. त्यायनं लय हाका मारल्या. मी म्हटलं, जा तुम्ही, माही बहीण येऊन राहिली." मग दुकानवाल्याकडे मान करून म्हणाली, "यायनं चहा देल्ला. पोरगं चांगलं आहे."

"पोरं काय म्हणतीन आता?"

"म्हणू दे."

मला एकाच वेळी हसू, रडू आणि संताप आला. मी तीन दिवसांपूर्वी हेच तिकीट रद्द करू म्हणत होते. ते रद्द केलं असतं तर ही बाई या ताडपत्रीवर अजून एक रात्र बसली असती, कदाचित आणखी एक. तिला कळवायला कोणाजवळ काही मार्ग नव्हता. मी तिथेच मावशीशेजारी बसले.

मग त्या दोघींनी वंदना केली. स्तूपासमोर गर्दी नव्हती, धक्काबुक्की नव्हती, आत जाऊन हवं तितकं बसता आलं. नेहमी एक दुपार मिळायची, या वेळी त्यांना सगळा दिवस मिळाला. आईने आणलेल्या भाकऱ्या, चटणी, मावशीने आदल्या दिवसापासून जपून ठेवलेले दोन लाडू. लाडू कडक झाले होते, दोघी कडाकडा चावून खात होत्या. बोलणं संपत नव्हतं. मी झाडाखाली पाठ टेकून पडले होते आणि मनात आठवडाभराचा हिशेब चालू होता की एवढ्या धावाधावीतून मला नेमकं काय मिळालं.

ऊन कलल्यावर आई उठायला लागली. आमची परतीची गाडी रात्रीची होती. उठता उठता ती मावशीला म्हणाली, "चाल वं जबलपूरले." हे ती दरवर्षीच म्हणायची, आणि मावशी दरवर्षी "पाहू पुढं" म्हणून पदर सावरून गाडीकडे निघायची. त्या दिवशी मावशी माझ्याकडे वळली.

"तिकीट भेटन काय?"

आई हलायची थांबली. मी मावशीकडे पाहिलं. ती मस्करी करत नव्हती. मी फोन काढला. गर्दी सकाळीच ओसरली होती, गाडीत भरपूर जागा दाखवत होत्या. मी नाव टाकलं, बाई म्हणून खूण केली आणि सवलतीसाठी ओळखपत्र आहे का विचारलं. मावशीने जवळची कापडी पिशवी सोडली. त्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं आधार कार्ड होतं, बँकेचं पासबुक होतं, तिच्या नवऱ्याचा जुना फोटो होता आणि दोन धुतलेली लुगडी. एका दिवसाच्या दर्शनाला कोणी पासबुक घेऊन येत नाही. मी आईकडे पाहिलं. आई दुसरीकडे पाहत होती आणि पदराने नाक पुसत होती.

मी उगाच कामाचं बोलले. "परतीचं कधीचं काढू, मावशी? आत्ताच काढून ठेवू, स्वस्त पडेल. मग मिळत नाही."

मावशी आधार कार्ड पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळत होती. "परतीचं नको काढू, बाई," ती म्हणाली.

मी एकच तिकीट काढलं.